काजळीची धार

"आधी बूड टेकवायचं. मग हात असे छातीशी धरायचे. आन् मग डोळे मिटून सोडायचं!"

असं म्हणून महारुद्रनं स्वतःला सोडलं. चारा छावणीच्या टोकाला उसाच्या वाढ्यांचा ढीग होता, त्याच्यावर त्यानं एक जुना पत्रा तिरका टाकला होता. त्याची घसरगुंडी झाली होती. पण पत्रा होता गंजका आणि पायजमा होता सुती. अर्ध्यात गाडी अडकली ती अडकलीच. गिरिजा आणि बसू पोट धरून हसायला लागले.

"तिथं पानी सोडत्यात वरून, म्हनून घसरतंय," महारुद्र अडकलेल्या जागेवरूनच म्हणाला.

"आप्पा, तुमी गेलतात का तिथं कधी?" गिरिजानं विचारलं. पोर चौथीतली, पण सवाल वकिलाचे.

"जायला कशाला पायजे? राधाकिशनच्या मोबाइलवर समदं बघितलंय मी. तीन माळ्याची घसरगुंडी हाय. वरून सुटलं की खाली थेट डोहात."

"पानी टँकरचं आसतंय?" हा बसू.

"टँकरचं कावून? तिथं पानीच पानी हाय."

"मग मी घागर घेते संगं," गिरिजा म्हणाली. "तुमी खेळा, मी नंबर लावून भरून ठिवते."

महारुद्रला हसू आलं आणि मध्येच विरून गेलं. पोरीचं काही चुकत नव्हतं. पाणी दिसलं की नंबर लावायचा, एवढंच तिला तिच्या जन्मात कळलेलं होतं.

घाटनांदूरच्या अलीकडच्या त्या गावात दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानिमित्त गावजेवण आणि सभासदांना पोराबाळांसकट पुण्याकडच्या पाण्याच्या पार्कात सहल, असं बऱ्या वर्षात ठरलं होतं. पुढं पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या आणि निम्मं गाव जनावरं घेऊन चुलीसकट छावणीत मुक्कामाला आलं. दुष्काळात पंगत बरी दिसत नाही म्हणून जेवण रद्द झालं, पण बस आधीच ठरवून ठेवलेली होती. संस्थेचा सचिव राधाकिशन म्हणाला, "जेवन पुढच्या साली बी घालता येतंय. पोरं पुढच्या साली एवढी बारकी ऱ्हात न्हाईत. बस जानार." त्यावर बोलणारे बोललेच. हितं प्यायला न्हाई आन् हे चालले खेळायला, म्हणाले. पण बोलणाऱ्यांनीही आपापल्या नातवंडांची नावं गुपचूप सांगून ठेवली होती.

महारुद्र हा बोलघेवडा गडी. अंगापेक्षा मिशा मोठ्या आणि मिशांपेक्षा बाता मोठ्या. सहलीची बातमी आल्यापासून छावणीत तो पार्काचा मालक असल्यासारखा वावरत होता. कुठल्या बाजूनं आत शिरायचं, कपडे कुठं ठेवायचे, दुपारी उन्हात कुठं बसायचं, न पाहिलेल्या जागेचा नकाशा त्याला तोंडपाठ होता. लोक त्याची टिंगल करत आणि तो ती मानानं घेत असे.

पण या सगळ्या बातांच्या तळाशी एक खरी गोष्ट होती. त्याला त्याच्या बापानं गावच्या बारवेत पोहायला शिकवलं होतं. बाप छातीएवढ्या पाण्यात उभा राहायचा आणि लेकाच्या पोटाखाली तळहात धरायचा. तो हात महारुद्रला अजून आठवत होता. बसू सहा वर्षांचा झाला, पण त्याला धरायला कुठं ढोपरभरसुद्धा पाणी नव्हतं. बारवेत वाकून बघितलं तर तळाशी बाभळी उगवल्या होत्या. एकदा, फक्त एकदाच, पोराला पाण्यावर आडवं धरायचं, एवढीच महारुद्रची इच्छा होती. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

सहल आठवड्यावर आली तेव्हा त्याच्या बायकोनं, उमाबाईनं, भाकरी थापता थापता विचारलं, "अवो, आपन समदेच गेल्यावर काजळीची धार कोन काढनार?"

महारुद्रच्या नकाशात सगळं होतं, काजळी नव्हती.

काजळी ही त्यांची म्हैस. तिचं रेडकू उन्हाळ्याच्या तोंडाला दगावलं. तेव्हापासून ती फक्त उमाबाईच्या हातालाच पान्हा सोडायची. उमाबाई पाठीवर हात फिरवून "सोड गं बाय, सोड" म्हणाली की बादली भरायची. दुसरं कुणी बसलं की हीच म्हैस दगडाची होई. शेजारच्या दावणीच्या छबुबाईनं धार काढून बघितली, तर काजळीनं लाथ घालून चरवी उडवली. मग महारुद्र स्वतः बसला. पेंड पुढं ठेवली, गूळ चारला, गोड बोलला, शेवटी शिव्याही दिल्या. काजळीनं पान्हा चोरला तो चोरलाच. आणि एक दिवस तसंच सोडावं, तर कास दाटून सड खराब व्हायची भीती.

आपल्याकडं घरातले काही निर्णय घ्यावे लागत नाहीत, ते झालेलेच असतात. उमाबाई म्हणाली, "तुमी जावा पोरांना घिऊन. मला तसं बी पान्याचं लई भ्याव वाटतंय." महारुद्रला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनातून हायसंही वाटलं. उमाबाई लगेच त्यांच्या दशम्यांच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या तयारीला लागली आणि तो पुन्हा पोरांना घसरगुंडी शिकवायला लागला.

सहलीला दोन दिवस उरले होते. दुपारी महारुद्र कोयता परत द्यायला छबुबाईच्या दावणीकडं गेला. तिच्या दोन म्हशी आडव्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडून उमाबाईचा आवाज आला.

"हे घे बाई तुझ्या लेकीचा ड्रेस. न्हाई लागत आता."

"आगं, बाह्या उसवून मोठ्या केल्या व्हत्यास ना? एवढी शिलाई केलीस!"

"परत तशाच बारीक करून दिल्यात बग."

"घालून तरी बघितला व्हतास का?"

"बघितला एकदा. पोरं साळंत गेल्यावर." उमाबाई थोडी हसली. "साडीवर पान्यात सोडत न्हाईत म्हन तिथं. म्हनून मागितला व्हता. आंगात बसला व्हता चांगला."

महारुद्र म्हशीआड उभा राहिला. हातात कोयता तसाच. लग्न झाल्यापासून उमाबाईनं साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नव्हतं. त्या बाईनं चोरून दुसरीचा ड्रेस आणला, बाह्या उसवल्या, घालून बघितला, आणि आता पुन्हा शिवून परत देत होती. पाण्याचं भ्याव म्हणे! आणि आपण ते खरं मानून मोकळे झालो, कारण ते खरं मानणं आपल्या सोयीचं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याला असंही वाटलं, की आपण पाच मिनिटं उशिरा आलो असतो तर बरं झालं असतं. ऐकलं नसतं तर सुखानं गेलो असतो.

त्या संध्याकाळी तो पुन्हा काजळीजवळ बसला. पुन्हा तेच. शेवटी चरवी आपटून तो उठला, तेव्हा समोरच्या बाजेवरून त्रिंबकतात्या खोकत म्हणाला, "म्हशीला तुज्या मिशा कशाला बे? तिला बायकूचा वास पायजे. धारंला बसताना नेसती ते लुगडं नेस तिचं. हातात बांगड्या वाजू दे. आमच्या आज्यानं आजी बाळंत आसताना महिनाभर आसंच केलतं."

भोवतीची माणसं फिदीफिदी हसली. एकानं तर तिथल्या तिथं पदर घेऊन दाखवला. "म्हातारं येडं झालंय," असं म्हणून महारुद्र तरातरा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो उमाबाईपुढं येऊन उभा राहिला. "तुजी ती धारंची साडी दे."

"कशाला?"

"नेसायची हाय."

उमाबाईनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "आवं, काय तरीच काय! लोक हसतील. गावात तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई तुमाला."

"हसू दे. ह्या साली हसायला मिळालंय काय कुनाला? फुकट हाय, हसू दे. तू नेसव."

तिनं नेसवली. शेणाचा, दुधाचा आणि चुलीच्या धुराचा वास असलेली ती साडी. बांगड्या मात्र काही केल्या त्याच्या पंजातून वर चढेनात. मग गिरिजानं त्या दोऱ्यात ओवून त्याच्या मनगटाला बांधल्या. बसू म्हणाला, "आप्पा, तुमी आईसारखे दिसत न्हाईत." गिरिजा म्हणाली, "म्हशीला दिसलं म्हंजी झालं."

महारुद्र पदर डोक्यावरून पुढं ओढून निघाला तेव्हा सगळी छावणी गोळा झाली होती. शिट्ट्या वाजल्या. कुणी "वैनी, जपून" म्हणालं. त्याचे कान तापले. ज्या माणसानं मिशांना पीळ दिल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नव्हता, तो निऱ्यांत पाय अडकू नये म्हणून खाली बघत चालत होता. उमाबाई वैरणीच्या ढिगामागं लपून बसली होती, काजळीला तिचा वास दुसरीकडून यायला नको म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

तो बसला. काजळीनं मान वळवली, पदर हुंगला आणि फुरफुरली. त्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला, तशा बांगड्या किणकिणल्या. बारीक आवाज काढून तो म्हणाला, "सोड गं बाय, सोड."

लोक पुन्हा हसले. काजळी हलली नाही. त्यानं सडाला हात घातला. कोरडा. पुन्हा पाठीवरून हात, पुन्हा बांगड्या. आता त्याला लोकांचं काही वाटेनासं झालं होतं. मिनतवारीनं तो हळूच म्हणाला, "सोड की गं. तिला जायचंय. एकदा तरी जाऊ दे तिला."

हे तो स्वतःच्याच आवाजात म्हणाला होता. थोड्या वेळानं काजळीनं मान सैल सोडली आणि चरवीच्या तळाशी पहिली धार वाजली.

"मिशा तेवढ्या झाक बे," त्रिंबकतात्या म्हणाला. "बघितल्या तर परत चोरंल."

चरवी भरली. उमाबाई ढिगामागून बाहेर आली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. "आवं, पन बसूला पान्यात धरायचं मनात व्हतं ना तुमच्या," ती म्हणाली. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, तरी तिला माहीत होतं. महारुद्रनं चरवी तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "ड्रेस आनून ठिव छबुबाईकडनं. बाह्या परत उसवाव्या लागतील."

रात्री बस निघायच्या वेळी त्याची तोंडाची टकळी चालूच होती. आत शिरल्यावर डाव्या हाताला वळायचं, गिरिजाचा हात सोडायचा नाही, दशम्या दुपारच्या आत खायच्या. शेवटी खिडकीशी येऊन तो उमाबाईला म्हणाला, "छातीएवढ्या पान्यात हुभी ऱ्हा. बसूच्या पोटाखाली हात ठिव. नुसता ठिव, आवळून धरू नगं. त्याला वाटलं पायजे, आपन सवताच तरंगतोय." तिनं दोनदा मान हलवली. बस गेली आणि तो धुरळा बसेपर्यंत तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार नीट झाली. दिवसभर तो वैरण टाकत होता, पाणी पाजत होता आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत होता, "आता पोचले आसतील. आता घसरगुंडीवर आसतील." संध्याकाळी साडी नेसायला या वेळी छबुबाईनं मदत केली. हसणाऱ्यांचा जोर ओसरला होता. एकदा हसून झालं की माणसाला कंटाळा येतो.

धार निम्मी झाली असेल, तेव्हा त्याचा मोबाइल वाजला. काजळी बिथरू नये म्हणून त्यानं धार थांबवली नाही. त्रिंबकतात्यानं त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोन काढून कानाला धरला.

"आप्पा!" गिरिजा राधाकिशनच्या फोनवरून ओरडत होती. मागं पाण्याचा धबधबा, पोरांचा कालवा. "आप्पा, बसू तरंगला! खरंच तरंगला! नाकात पानी गेलं, पन रडला न्हाई!"

"व्हय का? शाबास!" महारुद्रनं मान फोनकडं वळवली. हात मात्र चालू होते.

पलीकडं कुणीतरी बाई हसत होती. मोठ्यांदा, थांबून थांबून, श्वास लागेपर्यंत. लहान पोरीनं हसावं तशी. तिच्या हसण्यानं गिरिजाचं बोलणं नीट ऐकू येईना.

"कोन हसतंय गं ती एवढं?"

"आई."

"कोन?"

"आईच की! ती भायेरच येईना, आप्पा. राधाकिशनकाका म्हनत्यात बस सुटायची, आन् ही म्हनती आजून एकदा वरून येते. चौथ्यांदा चाललीय!"

महारुद्रनं फोनला कान आणखी दाबला. दोन लेकरं झाली, संसार झाला, एका चुलीपुढं इतकी वर्षं बसलो. तिचं हसू त्याला माहीत होतं, पदर तोंडाला लावून हसायची ते. हे हसू त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बायकोचा आवाज आपल्याला ओळखू आला नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि तरी ते हसू थांबू नये असंही वाटलं. तो ऐकत राहिला. मग फोन आपोआप तुटला.

"काय म्हनत्यात?" त्रिंबकतात्यानं विचारलं. आजूबाजूची माणसंही जवळ आली होती.

महारुद्रनं पदर पुढं ओढला. डोळे पुसायला तोच होता.

"पानी लई हाय म्हनत्यात," तो म्हणाला, आणि कपाळ काजळीच्या कुशीला टेकवून त्यानं उरलेली धार काढायला घेतली.