मंगळावरची थप्पी

समता पुण्याहून आली ती तोंड पाडूनच. पिंपळगाव राजाच्या थांब्यावर वडिलांनी, जानरावांनी, तिची बॅग घेतली. घरी चहा झाल्यावर तिनं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत मातीच्या पोत्यांची भिंत उभी होती. बघता बघता ती मधून फुगली आणि सगळी पोती घसरून खाली आली.

"दुसऱ्यांदा पडली, बाबा."

समता पुण्यात एका संशोधन संस्थेत होती. उद्या माणूस मंगळावर राहायला गेला तर त्याचं घर कसं असावं, हे तिचं काम. जानरावांनी खामगावच्या बाजार समितीत तीस वर्षं हमाली केलेली. पोरीच्या कामातलं आपल्याला काय कळणार, म्हणून ते कधी खोलात शिरले नव्हते. पण पोती पडलेली पाहून त्यांना राहवेना.

"एवढी जाड भिंत काऊन पाह्यजे?"

"तिथं आभायातून सारखे किरण येतात. एक्स-रेसारखे, पण लय जोराचे. दिसत नाई, भाजत नाई, पण कॅन्सरचा धोका वाढवतात. आपल्याले इथं हवा वाचवते. डोक्यावरची सारी हवा म्हणजे दहा मीटर पाण्याएवढं पांघरूण समजा. मंगळावर हवा नावालेच. म्हणून घरावर दोन-तीन मीटर माती पाह्यजे."

"मंग माती भिजवून लिंपा ना."

"पाणी कुठून आणता? कोरडी मातीच पोत्यात भरा लागते."

जानरावांना अकोल्याची एक जाडजूड भिंत आठवली. अकरा वर्षांपूर्वी बायकोला, जनकाबाईला, कॅन्सरची गाठ झाली, तेव्हा तिथल्या दवाखान्यात जाड भिंतींच्या खोलीत तिला तीस दिवस किरणांचा शेक दिला होता. तिथला पोरगा तिला टेबलावर निजवायचा आणि स्वतः बाहेर येऊन भलामोठा दरवाजा लावून घ्यायचा. पहिल्याच दिवशी जानराव त्याच्यावर उखडले होते. 'तू बाहेर पळतं, अन् माह्या बायकोले एकटीले आत ठेवतं?' तो एवढंच म्हणाला होता, 'काका, मी इथं रोज असतो.' ते उत्तर जानरावांना आजवर खुपत होतं. आज त्यांनी ते पोरीला सांगितलं.

"बरोबर बोलला तो," समता म्हणाली. "आईले मोजून देल्ले किरण, गाठ होती तिथंच. तीस दिवसात तिचं संपलं. त्याच्याकडे रोज चाळीस पेशंट, वर्षानुवर्षं. तो आत थांबला असता तर जगला असता काय?"

चुलीपाशी बसलेल्या जनकाबाई म्हणाल्या, "रोज हात देऊन उठवे मले. तुमालेच दिसलं नाई."

जानरावांनी बायकोकडे पाहिलं. ज्या किरणांपासून पोरगी माणसं वाचवायला निघाली होती, तशाच किरणांनी ही समोर बसलेली बाई परत दिली होती.

"त्याचं नावबी नाई इचारलं म्या," ते म्हणाले. मग उठून पायात चपला घातल्या. "हिंमतरावले बलावतो. तुमी पोतं टच्च भरलं, टच्च पोतं लोळते. थप्पी अशी लागत नाई."

हिंमतराव म्हणजे त्यांचे हमालीतले जोडीदार. घरामागच्या पडीत जागेत दोघांनी तीन दिवस काम केलं. कोरडा मुरूम पोत्यात जरा कमीच भरायचा, म्हणजे पोतं बसकं होतं. एक आडवं, एक उभं. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. प्रत्येक थर चार बोटं आत. समता वहीत लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनंही पोती उचलली. सव्वातीनशे पोत्यांची लहानशी खोली झाली, वर छताला सागाच्या बल्ल्या आणि त्यावर पोत्यांचे आणखी दोन थर.

चौथ्या दिवशी बांधकामावरचा व्हायब्रेटर आणून समतानं भिंतीला अर्धा तास हादरे दिले. धूळ उडाली. पोतं एकही सरकलं नाही.

तिनं तिथूनच वरिष्ठांना, अर्पिता मॅडमना, व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी भिंत चारी बाजूंनी पाहिली आणि कोणी शिकवलं ते विचारलं.

"माझ्या वडिलांनी. तीस वर्षं थप्पी लावली त्यांनी," समता म्हणाली.

"काका, आठ दिवस पुण्याला याल? आमच्या मुलांना शिकवायला?"

जानरावांनी अंगठ्यानं कपाळावरची माती पुसली. "येतो. पण हिंमतरावले संग आणीन. एकट्यानं थप्पी लागत नाई."

इतक्यात जनकाबाई वाकून खोलीत शिरल्या. आत अंधार आणि गार. बाहेरचा आवाजही येईना. थोडा वेळ बसून त्या बाहेर आल्या आणि उन्हात डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"पक्की हाय," त्या लेकीला म्हणाल्या. "पण तिथं जाणाऱ्याईले सांग पोरी, निंघाच्या आधी पोटभर ऊन खाऊन घ्या म्हणा."

समता हसली आणि आईशेजारी तशीच उन्हात जाऊन उभी राहिली.