खांबापलीकडची कॉफी

निशाताईंनी खुर्चीच्या कडेने हात खाली सोडून चाक चाचपलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हे चाक हाताने फिरवायचं नाहीच. घरच्या चाकाच्या खुर्चीला मोठी चाकं आहेत, त्यांना धरायला कडी आहे. या विमानतळावरच्या खुर्चीची चाकं ताटलीएवढी आणि पार जमिनीलगत. ढकलणारा असेल तोवर ती गाडी, एरवी आपलं साधं स्टूल.

“काही हवंय का आजी?” चैतालीने विचारलं. विमानाच्या दारापासून इथवर तिनेच त्यांना ढकलत आणलं होतं. आता ती पायाने ब्रेक दाबत होती.

“नको. बसा म्हणालात, बसले. दुसरं करणार काय?”

“बोर्डिंगच्या आधी येते मी. कुठे जाऊ नका.”

“पळून जायचा विचार होता, पण आता राहू दे.”

चैताली हसली नाही. तिला पुढच्या विमानाकडे जायचं होतं, ती लगबगीने निघून गेली.

मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून निशाताई घरातल्या घरात काठीने चालत, त्यापलीकडे खुर्ची. नागपूरहून बंगळुरूला थेट विमान असताना त्यांनी हट्टाने पुण्यावरून जाणारं घ्यायला लावलं होतं. मधे उतरायचं, थांबायचं, दुसऱ्या विमानात बसायचं, आणि हे सगळं एकटीने. मुलाशी, प्रज्ञेशशी, तसं ठरलंच होतं. प्रवास सुरळीत झाला, तर नागपूरचं घर विकून कायमचं बंगळुरूला येण्याचा विषय तो पुन्हा काढणार नव्हता. काही गडबड झाली, तर मात्र आईने त्याचं ऐकायचं. “फक्त एक कर आई,” सकाळीच त्याने फोनवर सांगितलं होतं, “बसवतील तिथे बसून राहा.” घर जाण्याची कल्पनाही निशाताईंना नको होती. त्यामुळे त्या मुकाट्याने हो म्हणाल्या होत्या.

आणि बसल्याही असत्या. पण कॉफीचा वास आला.

तो आला कुठून, हे काही दिसेना. समोर काच, काचेपलीकडे उन्हात उभी विमानं. उजवीकडे खुर्च्यांच्या रांगा, डावीकडे एक जाडजूड खांब. निशाताईंची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पुण्यातच, नकाशे काढण्यात गेली होती. न दिसणाऱ्या गोष्टी कागदावर कुठे असतील याचा अंदाज घेणं त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. त्या माणसांच्या हातातले कागदी पेले बघू लागल्या. खांबाच्या उजवीकडून येणाऱ्यांचे पेले अर्धे संपलेले, एकाचा तर चुरगळलेला. डाव्या बाजूने येणारे मात्र झाकण उघडून पहिला घोट फुंकून घेत होते. म्हणजे दुकान खांबामागे, डाव्या अंगाला, आणि पहिल्या घोटाच्या अंतरावर. एवढ्या जवळ! त्यांना स्वतःशीच हसू आलं. हसता हसता मांडीवरची काठी घरंगळून खाली गेली.

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ उठले, उकिडवे बसले, खुर्चीखालून काठी ओढून काढली आणि निशाताईंच्या हातात दिली. पांढरा नेहरू शर्ट, टोपी आणि पायांत झगमगीत खेळाचे बूट. त्यांचीही खुर्ची चाकांचीच होती.

निशाताई बघतच राहिल्या. उकिडवं बसून असं उठणं त्यांना आता या जन्मी जमणार नव्हतं.

“चमत्कारच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “आत्ता तर बसून होतात.”

“पाय ठणठणीत हायत आपले,” गृहस्थ खुशीत म्हणाले. “पोरानं खुर्ची सांगितली. रांगंत उभं ऱ्हायला नगं म्हनून.”

“वा. आणि ज्यांना खरंच चालता येत नाही, त्यांनी खुर्चीची वाट बघत बसायचं. छान आहे.”

निशाताईंना खरोखरच राग आला होता. गृहस्थांनी मान खाली घातली. पण ती थोडाच वेळ.

“मी रंगनाथ काळभोर. लोनी काळभोरचा. लेकीकडं निघालोय, इंदूरला. आपन कुटल्या?”

“नागपूर,” त्या तोडून म्हणाल्या. पण गावाचं नाव ऐकून त्यांना गप्प बसवेना. “लोणीतून खडकवासल्याचा कालवा जातो. त्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या तुमच्याकडच्या चाऱ्यांचे नकाशे मी काढलेत.”

“काय सांगता!” रंगनाथराव खुर्चीतच वळून बसले. कुठल्या चारीवर कोणाचं रान, पाण्याच्या पाळीवरून कोणाची कोणाशी जुंपायची, बाभळीखालचं चारीचं दार कसं गळायचं, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. निशाताईंनी फक्त रेघा काढल्या होत्या. त्या रेघांवर एवढी माणसं भांडत होती हे त्यांना आज कळत होतं. त्यांचा राग निम्मा तिथेच उतरला.

“तुमचे पाय ठणठणीत आहेत म्हणालात ना,” त्या म्हणाल्या. “मग एक काम करा. त्या खांबामागे डावीकडे कॉफी मिळते. दोन घेऊन या. एक तुम्हाला.”

“उटायचं न्हाई म्हनून सांगितलंय मला.”

“मलाही तेच सांगितलंय. पण मला घराबाहेर चालवत नाही. तुमचं तसं नाही.”

ते उठले. ताठ चालत खांबापर्यंत गेले आणि थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. मग उजवीकडे चार पावलं टाकून वळले आणि परत आले.

“लई गर्दी हाय,” ते म्हणाले.

“बघितलीत कुठे तुम्ही? डावीकडे म्हटलं होतं.”

“तुमीच चला की. मी ढकलतो, तुमी वाट सांगा. आपल्या डोळ्यानं बघून घेतलेलं बरं.”

निशाताईंनी विमानाकडे जायच्या दाराकडे पाहिलं. चैताली दिसत नव्हती. फळीवर काय काय मांडलंय, कॉफीचं यंत्र कसं असतं, हे सगळं बघायला मिळेल या विचाराने त्यांना लहान मुलीसारखी उत्सुकता लागली होती. बसून राहा, प्रज्ञेश म्हणाला होता. बसूनच तर जाणार आहे, त्या मनाशी म्हणाल्या.

“आधी ब्रेक काढा,” त्यांनी सांगितलं.

रंगनाथराव खुर्ची कांद्याच्या हातगाडीसारखी रेटत होते. “डावीकडे. आणखी. आता सरळ,” निशाताई सांगत होत्या, आणि सांगितलं की खुर्ची बिनचूक वळत होती. खांबामागे दुकान निघालंच. अंदाज बरोबर आल्याचा आनंद कॉफीआधीच मिळाला.

काउंटर मात्र उंच होतं. खुर्चीतून निशाताईंना काचेतले केक आणि एका मुलीचा एप्रन तेवढा दिसत होता.

“बाई, जरा खाली वाकून बोलाल का?”

मुलीचं तोंड काउंटरवरून पुढे आलं. “सॉरी मॅम, दिसलाच नाहीत. काय देऊ?”

निशाताईंनी भिंतीवर उंच लावलेल्या फळ्यावरचं एकेक नाव विचारलं. यात दूध आधी की नंतर? त्यात फेस किती? ही एवढीशीच का? मागे कोणी नव्हतं, त्यामुळे मुलगीही मजेत सांगत राहिली. अखेर बिनसाखरेची, कडक, थोड्याशा दुधाची ठरली. रंगनाथरावांना गोड हवी होती, भरपूर दुधाची.

“कपवर नाव काय लिहू?”

“निशा.”

आई, आजी, मॅडम, ताई यांच्यामधून नुसतं निशा कितीतरी दिवसांनी बाहेर पडलं होतं. पेला हातात आला, तेव्हा त्यांनी आधी ते नाव वाचलं, मग घोट घेतला. कॉफी कडू होती आणि फार चांगली होती.

बाजूच्या उंच टेबलाशी रंगनाथराव उभ्यानेच पीत होते. मिशीला फेस लागला होता.

“आपन कुटल्या म्हनायच्या?” त्यांनी विचारलं.

“मघाशी सांगितलं ना. नागपूर.”

“हां, हां. नागपूर.” त्यांनी घोट घेतला. थोड्या वेळाने त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली, निशाताईंच्या खुर्चीची मूठ घट्ट धरली आणि हळू आवाजात विचारलं, “आता आपन कुटं जायाचं?”

“परत. जिथून आलो तिथे.”

“ते खरं. पन कुटल्या अंगाला?”

खांब समोरच होता, दहा पावलांवर. निशाताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.  मघाचं ते खांबाशी थबकणं, छताकडे बघणं, न बघितलेली गर्दी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे एका रेषेत आलं.

“रंगनाथराव, खुर्ची रांगेसाठी नाही ना घेतली?”

 त्यांनी बाहीने मिशी पुसली.

“कालव्याच्या कडंनं अजून डोळं झाकून जाईन मी ताई. पन नवं काय डोक्यात ऱ्हात न्हाई. मागं पुन्याला आलो, आन् कुटल्या कुटं जाऊन बसलो. दुसऱ्या दिशी घावलो. पृथ्वीराज, म्हंजी पोरगा, तो म्हनला, आता पुन्यांदा कुटं उटून गेला, तर इंदूर बंद. लेक हाय हो माझी तिथं.” ते जरा थांबले. “खुर्चीत बसलं की कुनीतरी न्हेतंय बराबर. पोरानं गुडघं दुखत्यात म्हनून सांगितलंय.”

“मग मला रांगेचं का सांगितलंत?”

“रांगंचं म्हनलं की लोक शिव्या देत्यात आन् गप बसत्यात. पुढचं इचारत न्हाईत कुनी.”

निशाताईंना मघाचं आपलं ‘छान आहे’ आठवलं आणि मनापासून वाईट वाटलं. दोन्ही पेले त्यांनी मांडीवर घेतले.

“चला,” त्या म्हणाल्या. “सरळ, खांबापर्यंत. मग उजवीकडे.”

खांब ओलांडला आणि चैताली धावतच समोर आली. कानाशी फोन होता.

“सापडले, सापडले,” ती फोनमध्ये म्हणाली आणि यांच्याकडे वळली. “अहो, होतात कुठे तुम्ही? एक खुर्ची रिकामी, दुसरी गायब! काका, तुमचे गुडघे ना दुखतात? मी दोघांच्या घरी फोन केले.”

तेवढ्यात निशाताईंच्या पर्समधला फोन वाजला. पेले सांभाळत त्यांनी तो मांडीवर ठेवून बोट टेकवलं, आणि प्रज्ञेशचा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला.

“आई! कुठे आहेस? जागेवर नाहीस म्हणाले.”

“इथेच आहे. कॉफी प्यायला गेले होते.”

“पण तुला जाता येत नाही. कोणीतरी नेलं असेल ना?” त्याच्या आवाजात आशा होती. तो आईला पळवाट देत होता, आणि ते तिला कळलं. “कोणी नेलं, आई?”

चैतालीने आपला फोन छातीशी धरला. “काकांचा मुलगा लाइनवर आहे,” ती म्हणाली. “विचारतोय, पप्पा स्वतःहून उठून गेले का?”

रंगनाथराव खुर्चीमागे उभे होते. निशाताईंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ‘इंदूर बंद’ हे त्यांचे शब्द अजून कानात होते. ‘यांनी नेलं’ एवढंच म्हटलं, तर नागपूरचं घर राहणार होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

“नाही,” त्या मोठ्याने म्हणाल्या, दोन्ही फोनना ऐकू जाईल असं. “मीच उठवलं यांना. उठायचं नाही म्हणून सांगितलंय असं हे म्हणत होते, मी ऐकलं नाही. मला कॉफी हवी होती. सगळी वाट मीच सांगितली. हे कुठेही गेले नव्हते, माझ्याबरोबर होते.”

चैतालीने फोन पुन्हा कानाशी नेला आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. 

“आई,” मांडीवरच्या फोनमधून प्रज्ञेश म्हणाला, “आपलं काय ठरलं होतं?”

“लक्षात आहे माझ्या.”

“मग संध्याकाळी बोलू.”

“बोलू.”

चैतालीने दोन्ही खुर्च्या पुन्हा शेजारी शेजारी लावल्या, दोघांचे ब्रेक दाबले, आणि या वेळी ती समोरच उभी राहिली. निशाताईंनी रंगनाथरावांचा पेला त्यांच्या हातात दिला. आपला झाकण उघडून पाहिला. तळाशी थोडी कॉफी उरली होती, कोमट. काचेपलीकडे एक विमान हळूहळू मागे सरकत होतं. त्यांच्या नजरेपुढे मात्र स्वयंपाकघरातली खिडकी होती आणि खिडकीशी येणारी कडुलिंबाची फांदी. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले.

रंगनाथरावांनी घोट घेतला. मग ते त्यांच्याकडे वळले, अगदी प्रसन्न चेहऱ्याने.

“आपन कुटल्या, ताई?”

“नागपूरची,” निशाताई म्हणाल्या. या वेळी त्यांना तोडून बोलवलं नाही. “तिसऱ्या मजल्यावर घर आहे माझं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कडुलिंबाची फांदी येते, इतकी जवळ, की हात बाहेर काढला तर पाला हाताला लागतो. सकाळी तिथे उभी राहून मी चहा पिते. काठी ओट्याला टेकवून.”

“आरं वा,” रंगनाथराव कौतुकाने म्हणाले. “आन् घरात कोन कोन असतं?”

निशाताईंनी पेल्यावरचं नाव आपल्याकडे वळवून घेतलं.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “एकटीच राहते.”