गाळलेली पेज

तोटीत एक कणी अडकली होती. तांदळाची, फार तर अर्धी... बनुबाईनं बाळाला पाजायचं बोंडलं खिडकीकडे धरलं, एक डोळा मिटून तोटीत पाहिलं, पदराची पिन काढून कणी बाहेर ढकलली आणि अंगठ्यावर घेतली. चांगली शिजलेली होती, बोटानं दाबली की पीठ व्हावी इतकी मऊ. तरी निसटली कशी — मलमलीचं फडकं, तेही दुहेरी, पेज दोनदा गाळलेली... मांडीवर तिची नात, नऊ महिन्यांची राजनंदिनी, तोंड उघडून वाट बघत होती. तोटीतून उतरतं तेवढंच घशातून सुखरूप उतरतं, हा बनुबाईचा नियम होता. तो तिला कुणी शिकवला नव्हता आणि तिनंही कुणाला सांगितला नव्हता.

साक्षी, तिची सून, आठालाच स्कूटीवरून कराडला गेली होती. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. बाळंतपणाची रजा संपून तीन महिने झाले होते. निघण्याआधी पोरीला अंगावर पाजायची, मूगडाळ-तांदळाचं खिमट शिजवून वर चमचाभर तूप सोडायची आणि रोज तेच सांगायची, की आत्या, पाणी घालू नका, घट्टच भरवा. बनुबाई व्हय म्हणायची. स्कूटीचा आवाज कॅनॉलच्या पुलापलीकडे गेला की वाटीत गरम पाणी पडायचं, फडकं निघायचं. फडक्यात उरलेला गोळा टाकवायचा नाही, म्हणून तो ती उभ्याउभ्याच खाऊन टाकायची. पोरीच्या वाटणीचं तूप आजीच्या अंगाला लागत होतं. हे तिला कळत नव्हतं असं नाही... कळायचं, घास तोंडात फिरायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडकं निघायचं.

दहा वाजता अंगणवाडीत वजनं होती. सेविका प्रियदर्शनी मॅडमनी पोरीला काट्याच्या झोळीत बसवलं, काटा थरथरून थांबला. सातव्या महिन्यात सहा किलो तीनशे. आज सहा किलो चारशे. मॅडमनी कार्डावर ठिपका दिला, मागच्या ठिपक्याला जोडला, आणि हिरव्या पट्ट्यातली रेघ पिवळ्यात उतरली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की नुसतं डाळीचं पाणी आणि पेज यांनी पोट भरतं, अंग भरत नाही. चमचा कलता केला तरी सांडायला नको इतकं घट्ट हवं, दिवसातून तीनदा, वर आईचं दूध. तसं देता ना, असं त्यांनी विचारलं.

"घट्टच देते की," बनुबाई म्हणाली.

मी असं का म्हणाले? विचार करायच्या आधी जीभच बोलून गेली... मॅडम कार्डाकडे बघत राहिल्या. मग अंगाला का लागत नाही, म्हणाल्या, ग्रामीण रुग्णालयात दाखवा, रक्त तपासतील, चिठ्ठी देते. म्हणजे माझ्या खोट्यापायी या एवढ्याशा दंडात सुई जाणार. तिथंच सांगायला हवं होतं. मी चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली आणि पोरीला काखेत मारून निघाले.

पण झोळीत लोंबणारे ते दोन पाय काही डोळ्यांपुढून हलेनात... दुसरी झोळी होती ती, उसाच्या बांधावरची, बाभळीला बांधलेली, आणि तिच्यात तिचा मुलगा जोतिबा, तेव्हा अकरा महिन्यांचा. तण काढायची भांगलण चालली होती. पोर किरकिर करत होतं म्हणून त्याच्या हातात भाकरीचा तुकडा देऊन ती सरीत उतरली होती. पोर खोकलं नाही, रडलंही नाही — फार शांत वाटलं, म्हणून तिनं वळून पाहिलं, तर ओठ निळे. शेजारच्या रानातला तात्याबा धावत आला, त्यानं पोराला पालथं धरून पाठीत थापा दिल्या, तुकडा बाहेर पडला. तात्याबा पाणी पिऊन आपल्या कामाला गेला. बनुबाई मात्र त्या बांधावरून आजवर उठलेली नाही. जोतिबा अडीच वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला बोंडल्यानंच पाजलं: पेज, वरणाचं पाणी, दूध. बाप फौजी, दारातून वाकून यायचा; पोर मात्र किडकिडीत राहिलं. आईकडच्यांवर गेलंय, असं सगळे म्हणाले, आणि तिनंही म्हणू दिलं.

जोतिबा दोनदा फौजेच्या भरतीला गेला आणि दोन्ही वेळा उंचीच्या पट्टीपासून परत आला. एक सेंटिमीटर कमी. पहिल्या आणि दुसऱ्या भरतीच्या मधलं वर्षभर तो रोज पहाटे चिंचेच्या फांदीला लोंबकळायचा आणि म्हणायचा, "आई, पाय वढ की जरा." मी ओढायचे. दोन्ही घोटे धरून, अंगातला सगळा जोर लावून... त्याला वाटायचं आई मदत करतेय. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा उलट त्यानंच माझी समजूत घातली. "नशिबात न्हाई, आई," म्हणाला, "त्यात कुणाचा काय दोष." आणि मी गप्प बसले. बारा वर्षं गप्पच आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलंय, पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढं भरून निघणं अवघड. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याला वाचता येतं याचाच मला राग आला होता.

दुपारी तिनं रताळं उकडलं, दूध घालून कुस्करलं. चमचा कलता केला, सांडलं नाही. तो पोरीच्या ओठांशी नेला. पोरीनं जिभेनं घास आत ओढला, तोंड वेडंवाकडं केलं, एक उबळ आली — नवीन खाणाऱ्या पोरांना येते तशी — आणि लगेच गिळून तिनं चमच्याला हात घातला. आणखी हवं होतं तिला.  पण चमचा खाली ठेवून बनुबाई तिला पालथं धरून थापटत राहिली. पोरीला वाटलं खेळ चाललाय, ती खदखदून हसली. एवढं हसणारं पोर घुसमटलेलं नसतं, हे दिसत असूनही बनुबाई थापटत राहिली, आणि मग तिनं पेजच पाजली.

संध्याकाळी साक्षीनं चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग पोरीला पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसली. बोलली ती अगदी हळू आवाजात. म्हणाली, उद्या कॉलेजात सांगून टाकते, नोकरी सोडते. आपल्या दुधातच काही कमी असेल, नाहीतर पोर दिवसभर आपल्यावाचून झुरत असेल.

"तुम्ही तरी किती करणार, आत्या," ती म्हणाली. "तुमचा काय दोष?"

या घरात सगळे तिला असंच दोषातून सोडून देत होते. बनुबाईला ते सहन होईना.

"तुजं दूध चांगलं हाय," ती म्हणाली. "नोकरी सोडू नगं. खिमट मी गाळून देत हुते. रोज."

साक्षीनं झटकन मान वर केली. राग आला होता. मानेची शीर ताठ झाली होती. पण सवयीनं तिनं तो गिळला आणि एवढंच विचारलं, "का पण?"

का... बनुबाईनं तोंड उघडलं आणि बाहेर मोटारसायकल थांबली. जोतिबा आला. कारखान्याच्या वर्कशॉपचे काळे हात धुऊन त्यानं पोरीला उचललं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि काय झालं म्हणून विचारलं.  आता साक्षीला का ते सांगायचं तर बांधापासूनचं सगळं त्यालाही ऐकू जाणार होतं. बनुबाईनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं; इतक्या वर्षांत तिनं ते टाळलं होतं. तिला भीती वाटत होती, बांधावर वाटली होती तितकीच. तो अबोला धरील. पोरीला तिच्या मांडीवर द्यायचाच नाही कदाचित... याला कधी कळू नये, एवढंच तिनं आजवर देवाकडे मागितलं होतं. आणि आता त्याच्या तोंडाकडे बघताना तिला वाटत होतं, की यानं एकदा तरी नशिबाला सोडावं आणि माझ्यावर रागवावं.