सुशीचा मोकळा भात

रविवारची दुपार फक्त आपल्या दोघींची, असं तिनं लेकीला कबूल केलं होतं. प्रत्यक्षात रविवारची दुपार आली, तेव्हा त्या टीचभर स्वयंपाकघरात माणसं मावत नव्हती. ओट्याशी ती, स्टुलावर लेक, गॅसवर नजर ठेवून सासूबाई, दारात मोबाइल घेतलेला नवरा आणि त्याच्या कडेवर बोकोबा.

बोकोबा म्हणजे धाकटा. तो जन्मल्यापासून थोरलीच्या, म्हणजे भिंगरीच्या, वाट्याला एकच शब्द येत होता: नंतर. गोष्ट नंतर, वेणी नंतर, चित्र बघते नंतर. सहा वर्षांची पोर आधी भांडली, मग रुसली आणि हल्ली काही मागेनाशीच झाली होती. ते न मागणंच आईच्या जिवाला लागलं होतं. म्हणून कुठल्याशा कार्टूनमधली सुशी, ती जपानी भाताची गुंडाळी, बघून भिंगरीनं चाचरत "आपण करू या?" असं विचारलं, तेव्हा तिनं मागचापुढचा विचार केला नाही. "करू या की. तू आणि मी. बाकी कुणी नाही."

आणि आता बाकी सगळे होते.

"हा तर कार्बन पेपर!" सासूबाईंनी नोरीचा काळा पापुद्रा खिडकीकडे धरला. उभा जन्म कचेरीत टाइपरायटर बडवण्यात गेलेला, त्यांना दुसरं काय दिसणार?

"समुद्रातलं शेवाळ आहे ते, आई. वाळवून कागदासारखं करतात."

"वासावरून कळलंच. आणि आत कच्चा मासा?"

"मासा नाही. काकडी, गाजर, अ‍ॅव्होकाडो."

"मग काकडी नुसती खाल्ली तर काय बिघडतं म्हणते मी?"

"व्हिडिओतली बाई म्हणतेय," नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "भातात व्हिनेगर घातल्यावर ढवळायचं नाही. हलक्या हातानं खालवर करायचं."

"ती बाई काय म्हणते ते मला माहितेय. तू बोकोबाला घेऊन बाहेर जा."

"अगं, मी मदत करतोय!"

हा मदत करायला लागला की तिची कामं दुप्पट होत. ती दातओठ खात गाजराच्या काड्या कापत राहिली. इकडे भिंगरी बांबूच्या काड्यांची छोटी चटई मांडीवर घेऊन उघडत होती, गुंडाळत होती. "आता आपण?" तिनं हळूच विचारलं.

"आता आपण," ती म्हणाली, आणि तेवढ्यात बोकोबानं भोकाड पसरलं. भुकेचं रडणं होतं, त्याला बाप चालणार नव्हता. "आलेच हं राणी. भात होतोय तोवर." भिंगरीनं मान डोलावली. हे तिला नवीन नव्हतं.

बोकोबाला पाजून, ढेकर काढून ती धावत परत आली तर ओट्यावर मोठी परात. परातीत भात पसरलेला. शीत न् शीत वेगळं, नुसतं चकाकत होतं.

"मी होते म्हणून बरं," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "पार गिचका व्हायला निघाला होता तुझा भात. चमचाभर तेल सोडलं, पंख्याखाली पसरला. बघ कसा मोकळा झालाय!"

तिनं कपाळाला हात लावला. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा तिच्या हातचा भात म्हणजे नुसती खळ व्हायची. "पाकिटं चिकटवायला ठेवा वाटीभर," असं सासरे म्हणाले होते आणि ते वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं गेलं होतं. भात मोकळा व्हावा म्हणून तिनं वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं. आज जन्मात पहिल्यांदा चिकट भात हवा होता, त्यासाठी आखूड दाण्याचा महागडा तांदूळ आणला होता, तर हे!

"आई, तो चिकटच हवा होता."

"चिकट? मुद्दाम?" सासूबाईंचा चेहरा असा झाला, की त्यांच्यावर ओरडायचीही सोय उरली नाही.

तरी तिनं एक गुंडाळी करून बघितली. चटई उघडताच भात खडीसारखा घरंगळला, काकडी एकीकडे, कागद दुसरीकडे. नवरा हसला. आणि भिंगरी स्टुलावरून उतरून गुपचूप टेबलाखाली जाऊन बसली.

"बाहेर ये ना गं. दुसरा भात लावते."

"नको. नंतर कर."

तो शब्द लेकीच्या तोंडून ऐकला आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं आधी नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून त्याच्या खिशात घातला. "बाहेर. बोकोबासकट. आई, तुम्हीसुद्धा."

"मला स्वयंपाकघरातून बाहेर काढतेस?"

"हो. तासभर. पाया पडते तुमच्या, पण जा."

सासूबाई गेल्या. जाताना "आम्ही काय, चांगलंच करायला जातो" एवढं पुटपुटल्या. तिनं दार लावून घेतलं, डब्यातला रोजचाच तांदूळ धुतला आणि टेबलाकडे न बघता म्हणाली, "भात बिघडवायचाय. किती पाणी घालू?"

टेबलाखाली काहीतरी सरकलं. मग, "खूप."

"एवढं?"

"अजून." भिंगरीचं डोकं बाहेर आलं. "अजून घाल. आजी ओरडेल इतकं घाल."

भात झाला तो थेट नव्या नवरीच्या हातचा. पळीला लोंबणारा. दोघींनी त्यात व्हिनेगर आणि साखर घातली, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला, कोमट झाल्यावर काळ्या कागदावर थापला. निम्मा भात कागदावर, निम्मा भिंगरीच्या कोपरापर्यंत. पहिली गुंडाळी मधोमध फुटली. दुसरी वाकडी का होईना, गुंडाळी म्हणण्यासारखी झाली.

आणि बाहेर बोकोबा रडायला लागला.

आता भुकेचं नव्हतं, नुसतं हट्टाचं होतं. पण तिची पावलं वळलीच. "अरे, बाहुली दाखव त्याला!" असा सासूबाईंचा आवाज आला, काहीतरी आपटलं, रडणं आणखी चढलं.

"जा तू," भिंगरी म्हणाली, एखाद्या पोक्त बाईसारखी, चटईवरून नजर न उचलता. "मी थांबते."

पोटचं पोर दाराबाहेर टाहो फोडत होतं आणि पोटचंच पोर तिला जायला सांगत होतं. जाऊन येणं सोपं होतं. परत येऊन "आलेच ना मी?" म्हणणंही सोपं होतं.

तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

"बाबा आहे. आजी आहे," ती म्हणाली. "होईल गप."

भिंगरीनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग चटई दोघींच्या मधोमध सरकवली, नवा कागद ठेवला आणि भाताचा एक थोराड गोळा त्यावर आपटला. बाहेर सूर अजून लागलेलाच होता. ती थापू लागली. भात बोटांना चिकटून यायला लागला.

"आई! हात ओले कर की आधी. सगळं मीच सांगायचं का तुला?"

"चुकलं," ती म्हणाली आणि वाटीत हात बुडवले.