मुख्य अर्जदार

शारजात अल मजाजमधल्या त्यांच्या इमारतीत कॅनडाचं वेड गोवरासारखं पसरलं होतं. एका घरात शिरलं की अख्खा मजला धरूनच ते थांबायचं. दत्तप्रसादला ते १९९९ साली लागलं आणि मग उतरलंच नाही. वयाला इतके पॉइंट, शिक्षणाला इतके, इंग्रजीला इतके, अनुभवाला इतके. बेरीज ठरावीक आकड्याला पोचली तर व्हिसा, नाहीतर बसा इथेच एसीचा वारा खात. माणसाची किंमत अशी सरळ मार्कांत करून टाकलेली पाहून त्याच्या बायकोला, मृणालिनीला, सुरुवातीला हसू यायचं. ती शाळेत केमिस्ट्री शिकवायची. मार्कांची बेरीज करण्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण नवरा रोज जेवताना बेरीज करू लागला, रोज ती कमीच भरू लागली, आणि हळूहळू तिचं हसू आटलं.

दत्तप्रसाद अल कुसैसमधल्या एका एसी डक्टिंगच्या कंपनीत एस्टिमेटर होता, कामांच्या खर्चाचे अंदाज काढणारा. पंधरा वर्षं एकच टेबल, एकच खुर्ची. २००२ च्या शेवटी मालकानं कंपनी विकायला काढली, आणि विकत घेणाऱ्यानं स्पष्टच सांगितलं की जुन्या लोकांना पुढच्या डिसेंबरपर्यंत ठेवतो, मग बघू. ‘मग बघू’ म्हणजे काय, ते आखातात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दत्तप्रसादचा व्हिसा कंपनीवर होता, आणि बायकोचा नि मुलीचा दत्तप्रसादवर. त्याचा रद्द झाला की महिनाभरात तिघांनी गाशा गुंडाळायचा. मुलगी ईशानी अकरावीत होती. जन्म इथला, बोलणं इंग्रजी, आणि पुणं म्हणजे तिच्या लेखी सुट्टीत जाऊन पोट बिघडवून घ्यायची जागा. आता कॅनडाचा अर्ज हवेत ठेवून चालणार नव्हतं. तो जाणं भाग होतं, आणि मृणालिनीला त्या वर्षी जगात दुसरं काही नको होतं.

जानेवारीत दोघं दुबईत करामामध्ये याकूबभाईंच्या ऑफिसात गेले. याकूबभाई इमिग्रेशन कन्सल्टंट होते. मूळचे हैदराबादचे, चष्मा कपाळावर, समोर चहा कायम गार झालेला. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला.

“भाईसाब, आपका देखो. डिप्लोमा, तो पढाई के पंद्रह. इंग्लिश पूरी मिली तो सोला. तजुर्बा इक्कीस. उमर दस, मगर पचास के हुए तो दो कटेंगे. मॅडम एम.एस्सी. हैं, उसके पाँच. टोटल सडसठ.”

“और चाहिए कितने?”

“पचहत्तर.”

दत्तप्रसादनं मान खाली घातली. याकूबभाईंनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मॅडम का देखा है कभी?”

नव्हतं पाहिलं. चार वर्षांत एकदाही नाही. अर्ज म्हटला की तो नवऱ्याच्या नावानं, असं त्या इमारतीत सगळेच धरून चालायचे. इथला व्हिसा नवऱ्यामुळे, घराचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर; मग कॅनडा तेवढा वेगळा कसा असेल? मृणालिनीच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यात ‘गृहिणी’ असं लिहिलेलं होतं, आणि ती गृहिणी बारा वर्षं रोज पहाटे साडेपाचला उठून, तिघांचे डबे भरून, शाळेच्या बसनं जाऊन चाळीस-चाळीस पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवत होती. सरकारचा परवाना होता, सगळं रीतसर होतं. शाळा दर वर्षी नवऱ्याचं ‘हरकत नाही’ असं पत्र तेवढं मागायची. दत्तप्रसाद ते गाडीच्या बॉनेटवर ठेवून अर्ध्या मिनिटात सही करून द्यायचा.

याकूबभाईंनी पुन्हा बटणं दाबली. “पढाई पच्चीस. इंग्लिश सोला. तजुर्बा इक्कीस. उमर दस. और भाईसाब के डिप्लोमा के तीन.” त्यांनी कॅल्क्युलेटर दोघांकडे वळवला. “पचहत्तर. बराबर पचहत्तर. यल्ला, मॅडम को मुख्य अर्जदार बनाओ, खलास. आप डिपेंडंट में आ जाओ.”

मृणालिनीला इतका आनंद झाला की तिनं टेबलाखाली नवऱ्याचा हात धरला. त्यानं तो खिशातला रुमाल काढायच्या निमित्तानं सोडवून घेतला.

परतताना दुबई-शारजा रस्त्यावर नेहमीसारख्या गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. दीड तासात दत्तप्रसाद एकच वाक्य बोलला: “चार हजार दिरहम फी सांगतोय, म्हणजे पन्नास हजार रुपये. लूट आहे.”

तो असा का गप्प झाला, हे मृणालिनीला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच मजल्यावरचे वसईचे हिलरी आणि कॉन्सेप्टा कॅनडाला गेले होते. कॉन्सेप्टा नर्स, हिलरी हॉटेलच्या बेकरीत. पॉइंट कॉन्सेप्टाचे होते. निरोपाच्या पार्टीत दत्तप्रसादनं हातात ग्लास घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “हिलरी, बायकोचं एक्सेस बॅगेज म्हणून चाललास रे!” सगळे पोट धरधरून हसले होते. हिलरीसुद्धा हसला होता. तो बिचारा कशालाही हसायचा.

त्या दिवसापासून मृणालिनी फायलीच्या मागे लागली. पुण्याहून डिग्र्यांच्या प्रमाणित प्रती मागवल्या. फेब्रुवारीत दुबईला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली आणि पूर्ण पॉइंट मिळवले. शाळेचं अनुभवाचं पत्र मिळवायला महिना गेला. ऑफिसच्या अन्वरी मॅडमच्या टेबलापुढे ती रोज मधल्या सुट्टीत उभी राहायची, आणि अन्वरी मॅडम रोज “इन्शाल्ला, कल” म्हणायच्या. शेवटी तेही पत्र आलं. फोटो झाले. फायलीत आता एकच गोष्ट राहिली होती. सोबत येणाऱ्या नवऱ्यानं स्वतःची माहिती लिहून सही करायची, एवढे दोन फॉर्म. त्यांच्याशिवाय अर्ज घेत नाहीत.

ते फॉर्म तिनं फेब्रुवारीतच त्याच्यापुढे ठेवले होते.

“तुझी परीक्षा तर होऊ दे,” तो म्हणाला. परीक्षा झाली. “शाळेचं पत्र येऊ दे.” पत्र आलं. तेवढ्यात इराकचं युद्ध सुरू झालं, मग “युद्धाचं काय होतंय ते बघू.” युद्धाच्या बातम्या थंडावल्या, तर ऑफिसात ऑडिट. मग जूनमध्ये सुट्टी, पुणं, लग्नं. माणसाला एखादी गोष्ट करायची नसली की त्याला जगातल्या सगळ्या घडामोडी कशा कामाला येतात, ते मृणालिनीनं त्या सहा महिन्यांत पाहून घेतलं. ऑगस्टमध्ये परत आल्यावर तिनं सरळ विचारलं, “तुम्हाला सही करायची नाही का?”

“नाही कुठं म्हणतोय?”

“मग?”

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. “हिलरीसारखा जाऊ का मी?” तो टीव्हीकडे बघतच म्हणाला. “पन्नाशीला आलोय मी, मृणाल.”

तिला भांडायचं होतं. खूप काही बोलायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी दहावीच्या चाचणीचे पेपर द्यायचे होते, भाजी चिरायची होती, आणि बोलायला लागणारी ताकद तिच्यात उरलीच नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. रोज सकाळी कपाट उघडलं की अर्जाची निळी फाईल दिसायची, आणि ती तिच्यावरून नजर फिरवून साडी काढायची.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दत्तप्रसाद दुपारी रोल्लाच्या बाजारातून आला तो हातात पाव किलो पेढे आणि बगलेत एक नवीकोरी फाईल घेऊन. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. मायलेकी जेवायला बसल्या होत्या. त्यानं पेढ्यांचा पुडा टेबलाच्या मधोमध ठेवला.

“याकूबचा फोन आला होता. कॅनडानं पास मार्क खाली आणले. पंचाहत्तरचे किती केले असतील? सांग.”

“किती?”

“सदुसष्ट! बरोब्बर सदुसष्ट! माझेच आकडे बघून ठरवल्यासारखे.” तो मोठ्यानं हसला. “आता काही अडचणच नाही. मी सगळं भरलंय, हे बघ. माझी परीक्षा पुढच्या महिन्यात, वाढदिवस डिसेंबरात, त्याच्या आत अर्ज जातो.” त्यानं फॉर्म उलगडला. पहिल्याच ओळीत मुख्य अर्जदार म्हणून त्याचं पूर्ण नाव होतं, ठसठशीत अक्षरात, वडिलांच्या नावासकट.

मृणालिनीनं भाताचा घास खाल्ला. मग ताट जरा पुढे सारलं.

“बाबा,” ईशानी म्हणाली, “आई हॅज सेव्हन्टी-फाइव. हर फाइल इज रेडी.”

“अगं, आता त्याची गरजच नाही ना! आईला कशाला त्रास?” त्यानं पेन मृणालिनीपुढे सरकवलं. “तू फक्त हा तुझ्या शिक्षणाचा रकाना भर. नीट भर हं, त्यात पाच पॉइंट आहेत.”

“आणि ते पाच नसले तर?”

“तर बासष्ट. पण नसतील कसे? तुझे काय नि माझे काय! नवराबायकोत असं तुझं-माझं असतं का?”

“मग जानेवारीत का होतं?”

ती हे अगदी हळू आवाजात म्हणाली. ईशानीनं ताटातला हात थांबवला. दत्तप्रसादचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

“माझ्या पंचाहत्तरातही तीन तुमचे होते,” मृणालिनी म्हणाली. “ते धरले नसते तर मीही नापास. तेव्हा मला नाही वाटलं त्यात काही कमीपणा. मला वाटलं, चला, दोघांचं मिळून जमलं. मी तुमचा हात धरला होता हो तिथे. तुम्ही रुमाल काढलात.”

“मृणाल, पोरीसमोर...”

“ऐकू दे तिला. मला भांडायचं नाहीये. भांडायला अंगात त्राण लागतं, ते माझ्यात नाही. पहाटे साडेपाचपासून मी उभी असते. शाळेत उभी, ओट्याशी उभी, अन्वरी मॅडमच्या टेबलापुढे महिनाभर उभी. आणि घरी येऊन तुमच्या एका सहीसाठी उभी. सात महिने.” तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. “तुमचे सदुसष्ट अगदी काठावर आहेत. परीक्षेत लिहिण्यात दोन पॉइंट गेले की संपलं. माझे आता आठनं वर आहेत. पण ते कारण नाही. ते नसतं, तुमचे नव्वद असते, तरी मी सांगते, मला एकदा माझ्या नावानं कुठेतरी जायचंय.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दत्तप्रसाद पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

“हिलरी हसेल,” तो शेवटी म्हणाला.

“हसू दे. तुम्ही आधीच हसून घेतलंय.”

ईशानीला हसू फुटलं आणि तिनं ते पाण्याच्या पेल्यात दडवलं. दत्तप्रसादनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बऱ्याच दिवसांत त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं नसावं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, तेही रंगवायचे राहिले होते. त्याला तिथल्या तिथे शरम वाटली. ती त्याच्या तोंडावर इतकी उघड दिसली की मृणालिनीनंच नजर खाली वळवली.

तो उठला, आत गेला. कपाटाचं दार वाजलं. निळी फाईल घेऊन तो परत आला, ताट बाजूला सारून बसला, आणि मोठ्या परीक्षेला बसल्यासारखा पहिला फॉर्म भरू लागला. नाव. जन्मतारीख. गेल्या दहा वर्षांतल्या नोकऱ्या. त्यात एकच ओळ लिहावी लागली. खाली त्यानं सही केली.

“याकूब म्हणतो, अर्ज गेल्यापासून दीड-दोन वर्षं लागतात,” तो मान वर न करता म्हणाला. “डिसेंबरात माझी नोकरी गेली तर मधले दिवस पुण्यातच काढावे लागणार. मार्चमध्येच गेला असता अर्ज, तर...”

त्याचं उरलेलं वाक्य मृणालिनीकडे सात महिने तयार होतं, जसंच्या तसं. ईशानीची बारावी, शाळा बदलणं, सगळं त्यात होतं. ते त्याला ऐकवायचा हक्कही तिचाच होता. पण फॉर्मखालची त्याची सही तिनं पाहिली आणि ते वाक्य तिनं तसंच ठेवलं.

“दुसरा फॉर्म राहिला,” ती म्हणाली आणि उष्टी ताटं गोळा करू लागली.

त्यानं दुसरा फॉर्म पुढे ओढला. दोन ओळी भरल्या आणि थांबला. रकान्यावर बोट ठेवून त्यानं शाळेतल्या मुलानं बाईंना विचारावं तसं बायकोला विचारलं, “इथे मुख्य अर्जदाराशी नातं विचारलंय. काय लिहू?”

“नवरा लिहा,” मृणालिनी म्हणाली. “दुसरं काय लिहिणार?”