सही तिचीच होती

पट्टीचं टोक नखाखाली आलं आणि तिथेच चिकटून बसलं. बोटभर रुंदीची कागदी पट्टी, तिच्यावर तिरप्या फिकट रेघा – पुरेशी वाफ लागली की काळ्या होणाऱ्या. त्या काळ्या दिसल्या की ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर डोळे झाकून हत्यारांचं गाठोडं उघडते, इतका सगळ्या इस्पितळाचा या रेघांवर विश्वास. आणि शेवटी चिकटपट्टीच ती... एकीकडून सोलून दुसरीकडे लावली तरी तितक्याच इमानाने चिकटते.

कामाला लाग, तिने स्वतःला दटावलं. हत्यारं निर्जंतुक करायच्या या खोलीची ती बावीस वर्षं प्रमुख होती. कितव्या मिनिटाला मशीन कसा आवाज करणार हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. त्या मंगळवारी तो आवाज आला नव्हता. वाफेचा दाब मध्येच पडला. थिएटरमधून तिसरा फोन – "पेशंट टेबलावर आहे, सर्जन आमच्यावर ओरडतायत, पाठवताय की नाही?" – आणि गाठोड्यावरच्या रेघा अजून फिकट. पुन्हा मशीन लावायचं म्हणजे चाळीस मिनिटं, आणि उशीर झाला म्हणून मेट्रनने गेल्याच महिन्यात सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढलेली. वापरलेल्या गाठोड्याची काळी पट्टी तिने सोलली, यावर चिकटवली. दोन सेकंदांचं काम.

पेशंट बाई शिवणकाम करणारी होती. तिचा गुडघा चिघळला, तीनदा उघडावा लागला, अजून वॉर्डातच आहे. चौकशीत मेट्रनने विचारलं, गाठोडं कोणी बांधलं? आणि ही म्हणाली, "गाठोड्यावरच्या चिठ्ठीवर सही तिची आहे." तिची, म्हणजे भावजयीची. धाकट्या भावाची बायको, जिला हिनेच शब्द टाकून इथे लावलं होतं. सही तिचीच होती. बायबलवर हात ठेवूनही सांगता आलं असतं, इतकं बेतून कापलेलं खरं. भावजयीची नोकरी त्याच दिवशी गेली.

मग तीन आठवडे प्रार्थना. चर्चच्या महिला मंडळात हिच्यासारखी प्रार्थना कोणाला जमत नाही, असं पाळकसुद्धा म्हणायचे. प्रभू, भावजयीला दुसरी नोकरी दे. प्रभू, त्या बाईची जखम भरू दे... देवाच्या हाती कामांची यादी द्यायची आणि आपण नामानिराळं राहायचं.

"ताई, आत येऊ का?"

दारात भावजय. हातात पिशवी, पिशवीत धुऊन इस्त्री केलेला युनिफॉर्म.

"ये ना. भाऊ काय म्हणतो?"

"हे? फारसे बोलत नाहीत माझ्याशी." पिशवी टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली. "ताई, मी खूप आठवून पाहिलं. बांधताना मीच कुठेतरी चुकले असेन. रोज माफी मागते देवाची, पण मन हलकंच होत नाही हो. माझ्यासाठी प्रार्थना कराल? तुमचं ऐकतो तो."

हलकं कसं होईल, बाई... जे तुझं नाहीच, त्याची क्षमा तुला मिळणार कशी? तीन आठवडे ही पोरगी कुणाचं तरी पाप उराशी धरून गुडघे टेकतेय. दुसऱ्यांचं पाप प्रभूनेही वाहिलं – पण जाणूनबुजून, स्वतःहून. हिच्या खांद्यावर मी ठेवलं, आणि तिला न सांगता.

भावजयीने हात पुढे केले होते. तिने ते धरले, डोळे मिटले. सरावाची जीभ सुरू झाली, "दयाळू प्रभू, तुझ्या या लेकीला..." आणि 'क्षमा कर' या शब्दांशी येऊन अडली. पुढे रेटेना. आजवर भीती होती ती मेट्रनची, पगाराची, भावाच्या नजरेची. ही भीती वेगळी. प्रभू इथेच होता. तीन आठवडे इथेच होता, मंगळवारीही होता. तिला मरणाची लाज वाटली. आणि त्या लाजेतच एक भलतीच गोष्ट तिच्या लक्षात आली – आपल्याला आता सुटायचं नाही, आपल्याला क्षमा हवी आहे.

"प्रभू, मी पापी आहे," ती म्हणाली. दर रविवारी म्हणायची तेच. आज मात्र घसा सोलत आलं.

"मीही, प्रभू," भावजय पुटपुटली.

"नाही. तू नाहीस."

तिच्या मुठीतले हात एकदम स्तब्ध झाले. तिने डोळे उघडले नाहीत. ती पट्टी आपणच बदलली हे अजून सांगायचं होतं, भीती तसूभरही कमी झाली नव्हती. पण आपण बोलतोय आणि तो ऐकतोय असं तीन आठवड्यांत पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते हात सोडावेत असं तिला वाटेना.