डोंगरामागचं निळं

वन्संनी वही खिडकीपाशी नेली आणि तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली. पांढरा बारा चमचे, निळा पाच. अक्षर त्यांचंच होतं. वरच्या ओळीत निळा तीन होता आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानावर निळा एक.



कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मुलांना एकच गोष्ट सांगितली होती: डोळ्यावर जाऊ नका, मापावर जा. आणि स्वतः आकाश रंगवायला घेतलं तेव्हा नेमकं उलटं केलं. रंग पिवळट वाटला म्हणून निळा वाढवला. तरीही पिवळट वाटला म्हणून आणखी वाढवला. पिवळं आकाश नव्हतंच, मोतीबिंदू होता. आता तो दोन्ही डोळ्यांतून निघाला होता आणि इतकी वर्षं सायीच्या रंगाचा वाटणारा पलंगपोस पांढराशुभ्र निघाला होता. मागच्या खोलीतल्या बारा फुटी आकाशाचं काय निघेल, ते सांगायला शास्त्र शिकलेलं माणूस लागत नव्हतं.

"वन्सं, चहा ठेवू का?" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. "की आज वही पिऊनच पोट भरणार?"

"चिटणीस किती वाजता यायचेत?"

"अकराला. तिसऱ्यांदा विचारताय."

छोट्या रेल्वेवाल्यांच्या, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांचे देखावे उभारणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाचे चिटणीस आज मागच्या खोलीतली मांडणी बघून जाणार होते. त्यांना पसंत पडली तर पुढच्या महिन्यात प्रदर्शनात जाणार. मांडणी मुळात दादाची, म्हणजे वन्संच्या थोरल्या भावाची, वहिनींच्या नवऱ्याची. तो गेला तेव्हा रूळ टाकून झाले होते, स्टेशन उभं होतं. जमीन आणि आकाश राहिलं होतं. ते वन्संनी अंगावर घेतलं. भुसा रंगवून गवत केलं, स्पंजाची झुडपं केली, मागच्या भिंतीला प्लायवूड वाकवून लावलं, कोपरा दिसू नये म्हणून. या सगळ्याकडे बघून वहिनी नाक मुरडत. "आधी नवऱ्यानं खोली अडवली, आता नणंदेनं." झाडलोट करायला तेवढ्या आत जात. त्यांना वन्संची एकच ताकीद होती: कोपऱ्यातल्या डोंगराला हात लावायचा नाही. कागदाच्या पट्ट्या आणि खळ यांचा तो डोंगर दादाच्या हातचं शेवटचं काम होतं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायला मनाई केली होती. म्हणून खोलीची किल्ली पंधरा दिवस वहिनींच्या कमरेला होती. आज मुदत संपली, पण किल्ली मागायला वन्संचा धीर होत नव्हता.

"मी तुम्हाला विचारलं होतं," स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "आकाश कसं वाटतंय म्हणून."

"विचारलं होतंत."

"छान आहे म्हणालात."

"मग काय म्हणायचं? आकाशाला कुणी नावं ठेवतं का?" वहिनींनी किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "जा, बघून या एकदाचं. घरभर येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका."

वन्संनी दार उघडलं, दिवा लावला आणि मग डोळे वर केले.

आकाश बरोबर होतं.

वर स्वच्छ निळं, खाली येता येता फिकं, आणि लांबच्या टेकड्यांपाशी तर जवळजवळ पांढरं. पावसाळा संपल्यावर सकाळी नऊच्या सुमाराला असतं तसं. वन्संनी वही उघडली, आकाश पाहिलं, पुन्हा वही पाहिली. बारास पाच या प्रमाणातून हे येणं शक्य नव्हतं. पण जिवात जीव आला होता. शंका नंतर, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

गाडी सोडण्याआधी बोगद्यातले रूळ पुसायला हवे होते. त्यासाठी डोंगर उचलावा लागे. वन्संनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलून स्टुलावर ठेवला, फडकं घेतलं आणि त्या तशाच थांबल्या.

डोंगर उचलला होता तिथे मागच्या फळीवर आणखी एक डोंगर होता. भडक निळा, थेट बारास पाचचा. शाईची दौत उपडी झाल्यासारखा. त्याच्या कडेकडेनं ब्रश इतका जपून फिरवलेला की दादाच्या डोंगराची एकेक खाच तिथे उतरली होती, आणि डोंगराला मात्र रंगाचा ठिपकासुद्धा लागला नव्हता. ब्रशचे फटकारे उभे होते. वन्संचे नेहमी आडवे असत.

पंधरा दिवस घरात रंगाचा वास येत होता. "फडताळ रंगवायला काढलंय," वहिनी म्हणाल्या होत्या. "तुम्ही डोळे मिटून पडा."

वन्संनी रूळ पुसले. डोंगर जागच्या जागी ठेवला, कड कडेला जुळवून. मग पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या. फडताळाचे पोपडे होते तसेच होते.

"कसं आहे?" पाठमोऱ्या वहिनींनी विचारलं.

"छान आहे," वन्सं म्हणाल्या.

चिटणीस अकराला पाच कमी असतानाच आले. वाकून रूळ पाहिले, गाडी दोनदा फिरवली, मग चष्मा वर करून आकाशाकडे पाहत राहिले.

"हे जमलंय हं. नाहीतर लोक निळा नुसता ओततात."

वन्संना खोकला आला.

"एकच सुचवतो. हा डोंगर हातभर डावीकडे घेतला तर स्टेशन उठून दिसेल." त्यांनी हात पुढे केला.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

चिटणीसांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. चहाचा ट्रे धरून दारात उभ्या असलेल्या वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्सं त्यांच्याकडेच बघत होत्या. वहिनींनी नजर खाली वळवून ट्रेमधले चमचे सारखे केले.

"बरं, राहू दे," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी खिशातून अर्ज काढला. "मांडणी निवडली असं समजा. रूळ दादांचे, ते लिहितो. देखावा? तुमचं एकटीचंच नाव ना?"

"जमीन माझी," वन्सं म्हणाल्या. "आकाश वहिनींचं."

"काहीतरीच काय! मला मेलीला काय कळतंय त्यातलं? घ्या, चहा गार होतोय."

चिटणीसांनी दोन्ही नावं लिहून घेतली आणि चहा घेऊन ते गेले. वहिनी कप गोळा करू लागल्या. वन्संनी वही उघडली. निळा पाचच्या खालची ओळ रिकामी होती.

"माप सांगा."

"कसलं माप?"

"पुढच्या वेळी लागेल."

वहिनींनी कप ट्रेमध्ये ठेवले. "माप नाही घेतलं हो," त्या म्हणाल्या. "डोळ्याला बरं वाटेपर्यंत पांढरा घालत गेले."

वन्संनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.